उडीच्या मैदानावर कुत्रा असावा का?

विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारण्याचे केंद्र म्हणजे एक छोटी धावपट्टी, तिच्या कडेला उतरण्याचे मोकळे मैदान, पॅराशूटच्या घड्या घालण्याची शेड, विमानात चढण्याची जागा आणि पाहुण्यांना बसायला थोडी सावली. खेळाडू या सगळ्या परिसराला मिळून ड्रॉप झोन म्हणतात. अमेरिकेत आणि युरोपात सुट्टीच्या दिवशी उडी मारायला येणारे अनेक जण आपला कुत्रा गाडीत घालून आणतात, दिवसभर त्याला शेडजवळ बांधतात आणि संध्याकाळी घरी नेतात. अशा कुत्र्यांना केंद्रावर येऊ द्यावे की नाही, यावर तिकडच्या खेळाडूंमध्ये बरीच जुनी वादावादी आहे. अमेरिकेतील पॅराशूट संघटनेच्या मूलभूत सुरक्षा नियमांत वारा, उंची, वय, उतरण्याच्या जागेची लांबी-रुंदी यांचा विचार आहे, पण कुत्र्याची परवानगी हा विषय प्रत्येक केंद्राच्या चालकावर सोडलेला आहे.

भारतात प्रश्नाचे रूप वेगळे आहे. येथे उडीची ठिकाणे मोजकीच आहेत. हरियाणातील नारनौलजवळची बाछोद धावपट्टी, मध्य प्रदेशात सागरजवळचे धाना आणि उज्जैनची दाताना धावपट्टी, कर्नाटकात म्हैसूर, महाराष्ट्रात लोणावळ्याजवळची अँबी व्हॅली आणि गुजरातच्या उत्तरेला बनासकांठा जिल्ह्यातील डीसा, ही नावे गेल्या काही वर्षांत या खेळाशी जोडली गेली. यातली काही वर्षभर चालतात, काही ठिकाणी फक्त हिवाळ्यात शिबिर किंवा महोत्सव भरतो. डीसाच्या धावपट्टीवर तर २०२२ मध्ये हवाई दलाच्या तळाची पायाभरणी झाली. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हापासून मराठी वाचकाला हा खेळ नावाने तरी ओळखीचा आहे. तरीही आपला पाळीव कुत्रा घेऊन उडी मारायला येणारा माणूस इथे विरळाच. इथला कुत्रा कोणी आणलेला नसतो, तो मैदानावर आधीपासूनच राहत असतो. जिल्ह्याच्या ठिकाणची सरकारी धावपट्टी वर्षातले बरेच दिवस ओस पडलेली असते. तिच्यावर गुरे चरतात, गवत कापणारे येतात, पहाटे फिरणारे येतात आणि त्यांच्या मागे कुत्री येतात. म्हणून ‘कुत्र्याला आत येऊ द्यावे का’ याआधी ‘आत असलेल्या कुत्र्याचे काय करावे’ हे ठरवावे लागते.

दोन्ही प्रश्नांचे उत्तर कुत्र्याच्या स्वभावापेक्षा तो मैदानाच्या कोणत्या भागात उभा आहे यावर जास्त अवलंबून आहे. वाहनतळावर झोपलेला कुत्रा निरुपद्रवी असतो. तोच उठून शंभर मीटर पुढे गेला की माणसाच्या जिवावर बेतू शकते.

सर्वांत उघड धोका विमानाच्या पंख्याचा. उडीसाठी सेसना १८२ सारखे चार-पाच जणांचे विमान किंवा सेसना कॅराव्हानसारखे मोठे, टर्बाइन इंजिनाचे विमान वापरतात. वेळ आणि इंधन वाचावे म्हणून मोठ्या विमानांत पुष्कळदा इंजिन चालू ठेवूनच माणसे चढवली जातात. फिरणारा पंखा माणसाच्या डोळ्याला जवळपास दिसतच नाही, फक्त एक धूसर चकती जाणवते. वेगाने होणारी उघडझाप कुत्र्याच्या डोळ्याला माणसापेक्षा अधिक चांगली टिपता येते, म्हणजे त्याला तिथे काहीतरी हलताना दिसत असावे. पण जे हलते त्याच्यामागे धावायचे, ही तर कुत्र्याची उपजत वृत्ती. मोटारसायकलच्या चाकावर भुंकत धावणारा कुत्रा पंख्याला घाबरून दूर राहील, असे मानायला काही आधार नाही. कुत्रा सापडला तर कुत्रा जातो आणि विमान दुरुस्तीला जाते. याहून वाईट शक्यता वेगळी आहे. सुटलेल्या कुत्र्याला पकडायला त्याचा मालक मागे धावतो. त्याचे सगळे लक्ष कुत्र्यावर असते, कानात इंजिनाचा आवाज भरलेला असतो आणि पंखा पाच पावलांवर आहे याचे भान त्याला राहत नाही. एरवी पंख्याच्या दिशेने कधीही पाऊल न टाकणारा अनुभवी खेळाडूही अशा क्षणी शिस्त विसरू शकतो.

यापेक्षा कमी उघड, पण जास्त विचार करण्यासारखा धोका उतरण्याच्या मैदानावर आहे. साधारण १३,००० फुटांवरून उडी मारणारा माणूस मिनिटभर ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने खाली येतो. मग पॅराशूट उघडते आणि पुढची पाचेक मिनिटे तो तरंगत, वळणे घेत मैदानाकडे येतो. आजचे पॅराशूट आयताकृती, पंखासारखे असते. ते खाली येते तसे पुढेही जाते, आणि जमिनीजवळ दोन्ही दोऱ्या एकदम ओढून त्याला थांबवावे लागते. ही क्रिया चार-पाच मीटर उंचीवर, सरळ रेषेत आणि नेमक्या वेळी झाली तर माणूस पायांवर अलगद उतरतो. त्याच उंचीवर एकच दोरी जोरात ओढली तर पॅराशूट झपकन वळते, वळताना वेगाने खाली डुबकी घेते आणि माणूस जमिनीवर आपटतो. पॅराशूट नीट उघडलेले असूनही होणाऱ्या जीवघेण्या अपघातांत जमिनीजवळ घेतलेले असे वळण हे एक प्रमुख कारण आहे.

कुत्र्याचा संबंध इथे येतो. उतरणाऱ्या माणसाच्या वाटेत अचानक कुत्रा आला तर त्याला चुकवण्यासाठी हात आपोआप एका बाजूला खेचला जातो. कुत्र्याशी टक्कर झाली असती तर फार तर पाय मोडला असता, पण ती टाळण्याच्या प्रयत्नात जीव जातो. प्रशिक्षक विद्यार्थ्यांना बजावतात की समोर काहीही आले तरी मोठे वळण घेऊ नका, सरळ राहून दोन्ही दोऱ्या ओढा. ऐकायला हे सोपे आहे. पहिल्या-दुसऱ्या उडीत, जमीन अंगावर येत असताना आणि समोर जिवंत प्राणी असताना ते पाळणे फार अवघड आहे.

यात काळ-अंतराचा हिशेबही कुत्र्याच्याच बाजूने झुकतो. अमेरिकी संघटनेच्या नियमानुसार शिकाऊ खेळाडूंच्या उतरण्याच्या जागेपासून सर्वांत जवळचा अडथळा, म्हणजे इमारत, विजेची तार, झाडांचा मोठा पुंजका किंवा पाणी, किमान ३३० फूट, म्हणजे शंभर मीटर दूर असावा लागतो. हे अंतर स्थिर अडथळ्यांना धरून ठरवलेले आहे. जोरात धावणारा कुत्रा सेकंदाला दहा मीटरच्या आसपास पळतो. शंभर मीटर पार करायला त्याला दहा सेकंद पुरतात. उघडलेले पॅराशूट सेकंदाला सुमारे पाच मीटर खाली येते. म्हणजे माणूस पन्नास मीटर उंचीवर असताना मैदान पूर्ण रिकामे दिसले, तरी कुंपणाजवळ बसलेला कुत्रा त्याचे पाय टेकण्याच्या क्षणी तिथे पोहोचलेला असू शकतो. मोठी सावली जमिनीवर सरकत येते, कापड फडफडते, वर माणूस ओरडतो. कुत्र्याला धावत सुटायला याहून चांगले निमित्त मिळणार नाही.

पॅराशूटच्या घड्या घालण्याची शेड दिसायला सर्वांत सुरक्षित, आणि बहुतेक केंद्रांवर कुत्री तिथेच लोळत असतात. तिथला धोका तात्काळ दिसत नाही. पातळ नायलॉनच्या कापडाला नखाने ओरखडा पडला तर तो घडीत दडून जातो. नायलॉन आम्लाला नाजूक असते आणि कुत्र्याचे मूत्र बहुधा आम्लधर्मी असते, त्यामुळे जमिनीवर ठेवलेल्या साहित्यावर कुत्र्याने पाय वर केला की तो केवळ किळसवाणा प्रकार राहत नाही. याशिवाय प्रत्येक पाठपिशवीला बाहेरून लोंबणाऱ्या मुठी असतात. एक मुख्य पॅराशूट उघडण्याची, एक बिघडलेले पॅराशूट सोडून देण्याची, एक राखीव पॅराशूट उघडण्याची. यातली एखादी मूठ मऊ कापडी उशीसारखी असते, आणि चघळायची वस्तू शोधणाऱ्या पिल्लाच्या दृष्टीने ती खेळण्यासारखीच आहे. अर्धवट ओढली गेलेली मूठ कोणाच्या लक्षात आली नाही आणि विमानाचे दार उघडे असताना ते पॅराशूट आतच सुटले, तर कापड बाहेर ओढले जाऊन विमानाच्या शेपटीत अडकू शकते. विमानात चढण्यापूर्वी एकमेकांच्या साहित्याची तपासणी करण्याची पद्धत यासाठीच आहे. पण आपणहून तपासणीचे काम वाढवून घेण्यात शहाणपण नाही.

धावपट्टीवर शिरणाऱ्या जनावरांचा भारतातील अनुभव भरपूर आहे, आणि त्यातले एक उदाहरण भेस्तानजवळचे आहे. सुरतच्या दक्षिणेला, उधना आणि सचिन या स्थानकांच्या मधे असलेली ही वस्ती. गिरण्या, चाळी आणि रेल्वेरुळांच्या या गर्दीत उडीचे मैदान असणे शक्यच नाही. मात्र इथून पश्चिमेला दहा-बारा किलोमीटरवर, डुमसच्या वाटेवर सुरतचा विमानतळ आहे. ६ नोव्हेंबर २०१४ च्या संध्याकाळी दिल्लीला निघालेले स्पाइसजेटचे बोइंग ७३७ विमान तिथे धावपट्टीवर वेग घेत असताना अंधारात एका म्हशीवर आदळले. प्रवासी बचावले, इंजिनाचे नुकसान झाले, कंपनीने सुरतची उड्डाणे काही काळ बंद ठेवली आणि देशभरच्या विमानतळांच्या कुंपणाची चर्चा सुरू झाली. त्या वेळी या घटनेवर विनोद पुष्कळ झाले. विमानतळाच्या आत म्हैस पोहोचू शकते तिथे कुत्र्याला कोण अडवणार, हा त्यातला गंभीर भाग विनोदांत हरवला.

कुत्र्याचे उदाहरण गोव्यात घडले. १३ नोव्हेंबर २०२३ रोजी बंगळूरहून आलेले विस्ताराचे विमान दाबोळीच्या धावपट्टीवर भटका कुत्रा दिसल्यामुळे उतरू शकले नाही. वैमानिकाला थोडा वेळ हवेत थांबायला सांगण्यात आले होते, त्याने परत बंगळूरला जाणे पसंत केले आणि प्रवासी संध्याकाळी दुसऱ्या फेरीत गोव्यात पोहोचले. दाबोळीला नौदलाचा तळ आहे, पहारा आहे, नियंत्रण कक्ष आहे, धावपट्टीवर नजर ठेवणारी माणसे आहेत. म्हणून कुत्रा वेळेत दिसला. उडीच्या छोट्या केंद्रावर नियंत्रण कक्ष नसतो, बहुधा हातात वायरलेस घेतलेला एकच माणूस असतो. उडीचे विमान दिवसभरात अनेक फेऱ्या मारते, माणसे सोडली की झपाट्याने खाली येते आणि पुष्कळदा शेवटचा पॅराशूटवाला अजून हवेत असतानाच धावपट्टीवर टेकते. त्या एका माणसाने वर बघायचे की खाली?

कुत्री धावपट्टीकडे येतात ती अन्नासाठी. १९३७ च्या विमान नियमावलीतील नियम ९१ प्रमाणे विमानतळाच्या दहा किलोमीटर परिघात जनावरे कापणे, सोलणे आणि पक्षी किंवा प्राणी आकर्षित होतील असा कचरा, मांसमासळीचे टाकाऊ अवशेष उघड्यावर टाकणे यांना मनाई आहे. सुरतच्या विमानतळाभोवती हे वर्तुळ काढले तर भेस्तान जवळपास त्याच्या काठावर येते. मोठ्या शहरात हा नियम किती पाळला जातो ते कोणत्याही नाक्यावरच्या कचराकुंडीपाशी उभे राहिल्यास कळते. उडीच्या केंद्राला मात्र यातून सोपा धडा घेता येतो, कारण त्याच्या आवारातला कचरा त्याच्या हातात असतो. उपाहारगृहाचे उष्टे, नाश्त्याच्या पुड्या, पाहुण्यांनी प्रेमाने टाकलेली बिस्किटे हे बंद झाले की निम्मी कुत्री आपोआप कमी होतात. बिस्किट टाकणाऱ्याला आपण मैदानाचा धोका वाढवत आहोत हे पटवणे मात्र कठीण जाते.

हाकलून लावण्याचा उपाय कायद्याने मर्यादित आहे आणि व्यवहारातही फारसा चालत नाही. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ नुसार भटक्या कुत्र्याला पकडून निर्बीजीकरण आणि रेबीजची लस दिल्यावर त्याच भागात परत सोडायचे असते. यामागचा तर्क असा की कुत्री आपला इलाखा राखतात, ओळखीची टोळी उचलली की रिकाम्या जागेत अनोळखी, लस न घेतलेली कुत्री शिरतात. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके या जागांपुरता हा क्रम बदलला. तिथली कुत्री उचलून, निर्बीजीकरण आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवायची, त्याच जागी परत सोडायची नाहीत, आणि आवाराला पुरेसे कुंपण किंवा भिंत घालायची, असे त्यात सांगितले. या यादीत उडीच्या केंद्राचे नाव घेतलेले नाही. ते क्रीडासंकुल मानायचे की धावपट्टी, यावर कायद्याचा काथ्याकूट करता येईल. पण आदेशातला कुंपणाचा भाग कोणत्याही व्याख्येशिवाय उपयोगी पडतो. निर्बीजीकरणाने संख्या हळूहळू कमी होते, लसीने चावा घातक ठरत नाही. मात्र शस्त्रक्रिया झालेला, कानाला खूण असलेला, लस घेतलेला कुत्राही पन्नास मीटर उंचीवरून येणाऱ्या माणसासमोर तितक्याच वेगाने धावतो. ते रोखण्याचे काम फक्त कुंपण करते, आणि तेही खालून उकरून आत शिरता येणार नाही असे असले तर.

कुत्र्याच्या बाजूने बोलण्यासारखेही पुष्कळ आहे. उघड्या रानातल्या धावपट्टीवर रात्री विमान आणि साहित्य राखायला कुत्र्याइतका स्वस्त पहारेकरी नाही. उत्तर भारतातल्या धावपट्ट्यांवर नीलगाय आणि रानडुक्कर ही कुत्र्यापेक्षा मोठी डोकेदुखी आहे, आणि त्यांना पिटाळायला कुत्रा उपयोगी पडतो. अमेरिकेत तर विमानतळांनी कुत्रे मुद्दाम नोकरीला ठेवले. फ्लोरिडाच्या नैर्ऋत्येकडील फोर्ट मायर्सच्या विमानतळाने १९९९ मध्ये पक्षी हुसकावण्यासाठी बॉर्डर कॉली जातीचा कुत्रा आणला. मिशिगनमधील ट्रॅव्हर्स सिटीच्या विमानतळावरचा पायपर नावाचा कुत्रा डोळ्यांना गॉगल लावून बर्फातून पक्ष्यांमागे धावताना जगभर प्रसिद्ध झाला. तो २०१८ च्या जानेवारीत वारला. पण ही उदाहरणे कुत्र्यांना मोकळे सोडण्याच्या बाजूची नाहीत. पायपर धावपट्टीवर जायचा तो त्याच्या शिक्षकाच्या हुकमावर, विमानांच्या वेळा बघून आणि हाक मारताच परत येण्याच्या तालमीसह. रात्री राखण करणारा गावठी कुत्रा सकाळी पहिले विमान सुरू होण्याआधी बांधला जात असेल, तरच त्याची राखण केंद्राच्या फायद्याची.

पाळीव कुत्रा आणणाऱ्याच्या बाबतीत केंद्राने एकच गोष्ट विचारावी, ती म्हणजे मालक हवेत असताना कुत्रा कोणाच्या हातात असणार? अमेरिकी केंद्रांवरची बहुतेक कटकट इथूनच निघते. मालक विमानात बसतो, कुत्रा खांबाला बांधलेला राहतो, विमान वर गेले की तो विव्हळू लागतो, शेजारच्या कोणाला दया येते आणि पट्टा सोडला जातो. उडी न मारणारा सोबती असेल तर कुत्रा यावा, नसेल तर त्याने घरी राहावे. मालकाची उडी आणि कुत्र्याची देखरेख ही दोन कामे एका माणसाची होऊ शकत नाहीत.

कुत्र्याचे स्वतःचे हितही यात आहे. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,००० हर्ट्झच्या आसपासपर्यंत, त्यामुळे टर्बाइनची जी किरकिर आपल्याला जाणवतही नाही ती त्याला दिवसभर ऐकावी लागते. तो घामाने फारसा थंड होत नाही, धापा टाकून होतो. गुजरात-राजस्थानच्या पट्ट्यात मार्चनंतर डांबरी पट्टा आणि पत्र्याची शेड इतकी तापते की तिथे बांधलेला कुत्रा उष्माघाताने दगावू शकतो. हिवाळ्यातल्या सकाळी सावलीत, पाण्याची सोय ठेवून दोन-तीन तास, इतकेच त्याला मानवते.

कुत्र्याला बरोबर घेऊन उडी मारण्याचा हट्ट हा या विषयाचा एक छोटा फाटा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या तेराव्या पॅराशूट बटालियनने कुत्र्यांना उडी शिकवली होती. सायकली खाली सोडण्यासाठीचे पॅराशूट कुत्र्यांच्या वजनाला जुळले म्हणून तेच वापरले गेले, आणि शिकवताना शिक्षकाच्या खिशात मांसाचा तुकडा असे. त्यातला ‘बिंग’ या नावाने ओळखला जाणारा ब्रायन ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीत उतरताना झाडात अडकला, तिथून त्याला सोडवावे लागले, आणि युद्धानंतर १९४७ मध्ये त्याला प्राण्यांच्या शौर्यासाठीचे डिकिन पदक मिळाले. युद्धात पहारा आणि सुरुंग हुंगण्यासाठी केलेल्या या गोष्टीला काही हेतू होता. चित्रफितीसाठी कुत्र्याला हार्नेसमध्ये अडकवून ताशी दोनशे किलोमीटरच्या वाऱ्यात सोडण्याला तसा कोणताही हेतू नाही, आणि भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० मधील अनावश्यक वेदना देण्याच्या कलमाशी ते भिडू शकते.

राहिली प्रत्यक्ष व्यवस्था. वाहनतळ आणि पाहुण्यांची सावली इथपर्यंत कुत्रा यावा, आखूड पट्ट्याने हातात धरलेला. त्यापुढची शेड, विमानाची जागा आणि मैदान यांच्यामध्ये पाटीऐवजी जाळी असावी, कारण पाटी वाचता येते ती मालकाला. मैदानावर कुत्रा दिसला आणि विमान अजून वर जात असेल तर वैमानिकाला सांगून उडी थांबवता येते. विमान फेरी मारत राहील, त्यात इंधनाचा खर्च होईल, पण कोणाला इजा होणार नाही. माणसे हवेत सुटल्यावर दिसला तर शिकाऊ खेळाडूच्या हेल्मेटमधील रेडिओवरून त्याला लवकर, म्हणजे तीनशे-चारशे फूट उंचीवर असतानाच, मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे वळवावे, म्हणजे जमिनीजवळ वळण घेण्याची पाळी येत नाही. त्या वेळी कुत्र्याला हुसकायला मैदानात कोणी धावू नये. हुसकलेला कुत्रा कोणत्या दिशेला पळेल हे कोणालाच ठाऊक नसते, आणि उतरणाऱ्या माणसासमोर मग एकाऐवजी दोन हलते अडथळे येतात.